उसन्या उबेचा तलाव : टेक्सासमधील फेअरफील्डचे प्रकरण

डॅलसहून ह्यूस्टनकडे निघाले की निम्मी वाट सरण्याच्या थोडे आधी फ्रीस्टोन काउंटीतील फेअरफील्ड हे लहानसे गाव लागते. गावाच्या ईशान्येला, ट्रिनिटी नदीकडे वाहणाऱ्या बिग ब्राउन क्रीक या ओढ्यावर १९६९ मध्ये बांध घालून सुमारे २,१५० एकरांचा तलाव तयार करण्यात आला. हा तलाव सिंचनासाठी नव्हता आणि गावाच्या नळांसाठीही नव्हता. शेजारी उभ्या राहत असलेल्या बिग ब्राउन औष्णिक वीज केंद्राची वाफ थंड करायची, एवढ्यासाठीच तो बांधला गेला. तरीही पुढची चार दशके आणि वर काही वर्षे तो टेक्सासमध्ये ओळखला गेला तो बारमाही मासेमारीसाठी, समुद्रातून आणून सोडलेल्या माशांसाठी आणि हिवाळ्यात दिसणाऱ्या गरुडांसाठी. फेब्रुवारी २०१८ मध्ये वीज केंद्र बंद झाले आणि जून २०२३ मध्ये तलावाकाठचे राज्य उद्यानही बंद झाले. एका कारखान्याच्या टाकाऊ उष्णतेवर काय काय उभे राहू शकते आणि त्यातले नेमके काय उसने असते, हे या तलावाच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडत आहे.

पाणी गरम कसे होत होते

बिग ब्राउनचे दोन संच प्रत्येकी ५७५ मेगावॉटचे होते. ते १९७१ आणि १९७२ मध्ये सुरू झाले आणि जवळच्याच उघड्या खाणीतले लिग्नाइट त्यांत जाळले जाई. त्या पिढीच्या केंद्रात कोळशातील उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच विजेच्या रूपाने बाहेर पडतो. काही उष्णता धुराड्यावाटे जाते आणि बाकीची, म्हणजे तयार झालेल्या विजेच्या सव्वा ते दीडपट उष्णता, टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ पुन्हा पाणी होताना कंडेन्सरच्या नळ्यांतून वाहणाऱ्या थंड पाण्यात उतरते. उंच शीतलन मनोरे बांधले तर ही उष्णता हवेत सोडता येते. येथे ते काम तलावाकडे होते. पाणी एका बाजूने आत ओढायचे, कंडेन्सरमधून फिरवायचे आणि दुसऱ्या बाजूने गरम करून परत सोडायचे, अशी ती योजना होती.

हिशेब मांडून पाहिला तर या कामाचा आवाका लक्षात येतो. दोन्ही संच पूर्ण भाराने चालत असताना पाण्याचे तापमान दहा अंशांनी वाढू द्यायचे म्हटले, तरी सेकंदाला ३५ ते ४० घनमीटर पाणी फिरवावे लागते. तलावातला साठा पाच कोटी घनमीटरच्या आसपास धरला, तर दोन-अडीच आठवड्यांत सगळा तलाव एकदा कंडेन्सरमधून फिरून येईल एवढा हा प्रवाह होतो. म्हणजे नाव तलावाचे असले तरी एका अर्थाने ती वीज केंद्राचीच एक उघडी टाकी होती. आपल्याकडे नागपूरजवळच्या कोराडीत वीज केंद्र आणि तलाव असे शेजारी शेजारी नांदताना अनेकांनी पाहिलेले आहेत. मात्र तिथे तलावाची ओळख देवीच्या मंदिराशी जोडलेली आहे, तर फेअरफील्डची ओळख गळाशी जोडली गेली.

अशा तलावात पाण्याचे तापमान सगळीकडे सारखे नसते, हे येथे लक्षात घ्यायला हवे. विसर्गाच्या तोंडाशी पाणी सर्वांत गरम, बांधाकडे आणि दूरच्या फाट्यांत बरेच थंड, आणि या दोहोंच्या मध्ये तापमानाचा एक लांब उतार, अशी त्याची रचना असते. गरम पाणी हलके असल्याने ते पृष्ठभागावरून पसरते. त्यामुळे माशांच्या दृष्टीने हा एक तलाव नसून शेजारी शेजारी लागलेले तीन-चार वेगळे ऋतू असतात आणि मासा आपापल्या सोयीचा ऋतू निवडून त्यात राहू शकतो.

हिवाळ्याची कमाई

मध्य टेक्सासमध्ये तलाव सहसा गोठत नाहीत. इलिनॉयसारख्या उत्तरेकडच्या राज्यांत वीज केंद्राच्या तलावाचे महत्त्व मुख्यतः बर्फ न धरणारे पाणी म्हणून असते. फेअरफील्डबद्दल वाचताना तो तर्क जसाच्या तसा इकडे लावणे चूक ठरेल. येथे फरक बर्फाचा नव्हता, भुकेचा होता. साध्या तलावाचे पाणी जानेवारीत दहा अंशांच्या आसपास उतरते. मासा थंड रक्ताचा असल्याने त्याची पचनक्रिया मंदावते, तो खोल पाण्यात जाऊन बसतो आणि आमिष नाकासमोर आले तरी तोंड उघडेलच असे नाही. विसर्गाजवळचे पाणी मात्र वीस अंशांच्या पुढे राहत असल्याने तिथला मासा हिवाळाभर खात होता, वाढत होता आणि गळालाही लागत होता. बारमाही मासेमारी या शब्दामागचे सगळे शास्त्र एवढेच आहे.

थंड पहाटेचे दृश्य अशा वेळी काहीसे असे असे. हवा पाण्याहून बरीच थंड असल्याने विसर्गाच्या बाजूला पाण्यावर दाट वाफ उठलेली असायची आणि तीत होड्यांची फक्त टोके दिसायची. जाणते मासेमार होडी थेट गरम पाण्याच्या तोंडाशी नेत नसत. गरम आणि थंड पाणी जिथे एकमेकांना भिडते त्या रेषेवर ते नांगर टाकत. ही रेषा डोळ्यांना दिसतेच असे नाही, परंतु पाण्यात हात घातला की कळते, आणि फेस व पालापाचोळा तिच्यावर साचून लांबट पट्टा तयार झाला की लांबूनही ओळखता येते. थ्रेडफिन शॅड नावाची बोटभर लांबीची चंदेरी मासळी या रेषेच्या उबदार बाजूला थव्याने राहते, कारण पाणी सात-आठ अंशांखाली गेले की ती मरते. थव्यातली काही मासळी भरकटून थंड बाजूला जाते, तिथे बधिर होऊन कुशीवर वळते, आणि मोठे मासे व पक्षी नेमक्या याच क्षणाची वाट पाहत असतात.

पक्ष्यांची गर्दी याच साखळीतून होत होती. पाणकावळे, बगळे, पांढरे पेलिकन, पाण्यावर सूर मारून मासा उचलणारा ऑस्प्रे, आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवून असलेला बॉल्ड ईगल, म्हणजे अमेरिकेच्या राजमुद्रेवरचा पांढऱ्या डोक्याचा गरुड, हे हिवाळ्यात येथे येत. ऑस्प्रेने कष्टाने उचललेला मासा त्याला हवेतच हैराण करून सोडायला लावायचा आणि आपण झेलायचा, ही या गरुडाची जुनी खोड आहे; राजमुद्रेला ती फारशी शोभत नाही, पण पाहणाऱ्यांची करमणूक होते. काठावरच्या पोस्ट ओकच्या रानात पांढऱ्या शेपटीची हरणे, रॅकून, खारी आणि आर्मडिलो होते. रानातल्या या प्राण्यांचा गरम पाण्याशी थेट संबंध नव्हता. त्यांचे भले झाले ते वेगळ्या कारणाने : वीज कंपनीने तलावाभोवतीची जमीन आपल्या ताब्यात ठेवली, तिच्यावर घरे बांधू दिली नाहीत, आणि त्यामुळे रान टिकले.

बास, चिलापी आणि समुद्रातला पाहुणा

तलावातल्या माशांकडे एकत्र पाहून चालत नाही. प्रत्येकाचे उबेशी नाते निराळे होते, आणि केंद्र बंद झाल्यावर कोणाचे काय झाले असणार हे त्या नात्यावरूनच कळते.

लार्जमाउथ बास हा तिथला घरचा मासा. त्याला जगण्यासाठी उसनी ऊब लागत नाही. पाणी पंधरा-सोळा अंशांवर गेले की नर उथळ पाण्यात शेपटीने गाळ झाडून परातीएवढे गोल घरटे साफ करतो, मादी तिथे अंडी घालते आणि पिल्ले बाहेर पडून पांगेपर्यंत नर जागचा हलत नाही. एरवी त्या भागात हा हंगाम वसंताच्या तोंडाशी येतो. वीज केंद्राच्या तलावांत मात्र गरम भागातले बास जानेवारी-फेब्रुवारीतच घरट्यावर दिसू लागतात. ऊब त्याचे कॅलेंडर पुढे ओढते, एवढेच. संकरित स्ट्राइप्ड बास हा व्हाइट बास व स्ट्राइप्ड बास यांच्या संकरातून मत्स्यबीज केंद्रात तयार होतो आणि तलावात त्याची बोटुकली सोडावी लागते.

चिलापीची, म्हणजे तिलापियाची, गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. उजनीच्या जलाशयात हीच जमात मुबलक सापडते आणि भीमाकाठच्या ढाब्यांवर तिचे ताट मिळते. तिथले पाणी तिला कधीच जीवघेणे थंड होत नाही, म्हणून ती बिनघोर माजली. टेक्सासमध्ये निळी तिलापिया साधारण आठ अंशांच्या खाली तग धरत नाही, म्हणून राज्याच्या या भागातल्या साध्या तलावांत ती हिवाळा काढू शकत नाही, पण वीज केंद्रांच्या तलावांत विसर्गाच्या तोंडाशी गोळा होऊन वसंतापर्यंत टिकते. परकी जात इतर पाण्यांत पसरू नये म्हणून पकडलेली तिलापिया जिवंत बाळगायला राज्याची मनाई आहे. तिचे पोट काढावे लागते किंवा डोके उडवावे लागते. उजनीच्या कोळ्याला हा नियम सांगितला तर तो हसेल, परंतु उबदार तलाव हा परक्या जातींचा हिवाळी निवारा ठरतो, ही त्यामागची काळजी खरीच आहे.

सर्वांत विलक्षण पाहुणा रेड ड्रम. हा मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरचा, शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका असलेला, ताकदीने दोर ओढणारा समुद्री मासा. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, गोड्या पाण्यात तो जगावा यामागे दोन कारणे होती. एक म्हणजे ऊब. गोड्या पाण्यात या माशाला थंडी अधिकच बाधते. दुसरे कारण सहसा कोणी सांगत नाही. शीतलन तलावातून बाष्पीभवन नेहमीच्या तलावाहून बरेच जास्त होते, वाफ उडून जाते आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे पाण्याची कठीणता व क्लोराइड वाढते. समुद्री माशाच्या शरीरातले क्षार गोड्या पाण्यात सतत बाहेर झिरपत असतात. पाण्यात क्षार थोडे अधिक असले तर ते भरून काढणे त्याला जमते. म्हणजे वीज केंद्राने केवळ पाणी तापवले नाही, तर नकळत ते किंचित समुद्राच्या दिशेनेही नेले.

तरीही हा मासा तलावात वाढत होता, पण वंश वाढवत नव्हता. त्याची वीण समुद्रातच होते. तलावातली प्रत्येक पिढी समुद्रकाठच्या बीज केंद्रातून टाकीच्या गाडीने आलेली. हे राज्याच्या नियमांतही उमटलेले दिसते. किनाऱ्यावर सर्वसाधारणपणे २० ते २८ इंचांच्या दरम्यानचाच रेड ड्रम ठेवता येतो, कारण त्याहून मोठे मासे विणीचे असतात आणि ते समुद्रात परतले पाहिजेत. फेअरफील्डसारख्या तलावांसाठी किमान २० इंचांची अट होती, पण कमाल लांबीची अट नव्हती. ज्या माशाला तलावात पिल्लेच होणार नाहीत, त्याला विणीसाठी राखून ठेवण्यात अर्थ नाही, इतका सरळ तो विचार होता. नियमपुस्तिकेतल्या त्या एका ओळीत या मत्स्यसाठ्याचे खरे स्वरूप लिहून ठेवलेले होते.

उन्हाळ्याची वसुली

हिवाळ्यात जे मिळाले ते उन्हाळ्यात फेडावे लागत होते. टेक्सासचा उन्हाळा स्वतःच पाणी तीस अंशांवर नेतो, वातानुकूलनामुळे विजेची मागणी तेव्हाच शिखरावर असते, आणि म्हणून केंद्र तलावात सर्वाधिक उष्णता नेमकी तेव्हाच सोडते. पाणी दहा अंशांवर असताना एका लिटरमध्ये प्राणवायू सुमारे ११.३ मिलिग्रॅम विरघळू शकतो; तीस अंशांवर ७.५ आणि पस्तीस अंशांवर जेमतेम ६.९. तापमान दहा अंशांनी वाढले की माशाची प्राणवायूची गरज मात्र जवळजवळ दुप्पट होते. गरज वाढत असताना पुरवठा घटतो, आणि मोठ्या माशांना हा काच आधी बसतो. खाली थंड पाणी असते, पण उन्हाळ्यात ते वरच्या पाण्यात मिसळत नाही आणि तिथला प्राणवायू संपत येतो; वर जीव गुदमरेल इतकी ऊब आणि खाली हवा नाही, अशा दोन छपरांच्या मधल्या पट्ट्यात मासे दाटीने राहतात. त्यातच ढगाळ हवेचे दोन-तीन दिवस आले, शेवाळाने प्राणवायू तयार करणे थांबवले, की पहाटेच्या सुमाराला मासे मरतात. फेअरफील्डमध्ये अशा मरतुकी झाल्या आणि समुद्रातून आणलेल्या रेड ड्रमला त्या विशेष महागात पडल्या.

गरम पाण्यामुळे तलाव समृद्ध झाला, असे सरसकट विधान म्हणूनच मला अपुरे वाटते. अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ जल कायद्यात कलम ३१६ नुसार उष्णतेच्या विसर्गाची आणि पाणी आत ओढताना जाळ्यांवर आदळणाऱ्या व पंपात खेचल्या जाणाऱ्या मासळीची स्वतंत्र दखल घेतलेली आहे. कायद्याने उष्णतेला प्रदूषकच मानले आहे. शिवाय ही ऊब कुठून येत होती हेही विसरता येत नाही. लिग्नाइट जाळणारे बिग ब्राउन हे देशातील सल्फर डायऑक्साइडच्या मोठ्या उत्सर्जकांपैकी एक होते. होडीतल्या माणसाला जानेवारीत मासा मिळत होता तो त्याच धुराड्याच्या सावलीत.

ऊब गेली, मग काठ गेला

ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राची मालक कंपनी व्हिस्ट्रा एनर्जीने बिग ब्राउन बंद करण्याचे जाहीर केले. स्वस्त नैसर्गिक वायू आणि पश्चिम टेक्सासमधली पवन ऊर्जा यांच्यासमोर जुने कोळसा केंद्र परवडेनासे झाले होते. त्याच सुमारास कंपनीने मॉन्टिसेलो आणि सँडो ही केंद्रेही बंद केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंप थांबले. बासला यामुळे फारसे काही गमवावे लागण्याचे कारण नव्हते, उलट उन्हाळ्याचा काच सैल झाला. संकरित बास आणि रेड ड्रम यांचे भवितव्य टाकीच्या गाडीवर अवलंबून राहिले आणि त्यातल्या रेड ड्रमच्या पायाखालची ऊबही गेली. तिलापियाला तर हिवाळ्यात जायला कोपराच उरला नाही. फेब्रुवारी २०२१ च्या शीतलहरीने सबंध टेक्सास गोठवला तेव्हा विसर्गाचा कालवा थंड होऊन तीन वर्षे झाली होती.

परंतु तलावाला सर्वांत मोठा धक्का जीवशास्त्राने दिला नाही, कागदाने दिला. तलावाकाठचे सुमारे १,८२० एकरांचे राज्य उद्यान १९७६ पासून खुले होते आणि त्याची जमीन राज्याची नव्हती. वीज कंपनीने ती सत्तरच्या दशकाच्या आरंभी विनामूल्य भाड्याने दिली होती. वर्षाला सुमारे ८० हजार माणसे येथे येत. डॅलसच्या आसपास स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठीही राज्य उद्यानातला तंबू आणि तलावाकाठची शेगडी हा शनिवार-रविवारचा नेहमीचा बेत असतो. काठाची मालकी कोणाची, हा प्रश्न तिकीट काढताना कोणाच्याच मनात येत नाही. केंद्र बंद झाल्यावर कंपनीला तलाव बाळगण्याचे कारण उरले नाही. तलावासह सुमारे ५,००० एकरांची मालमत्ता विक्रीला निघाली, राज्याला हवा होता तो भाग वेगळा काढून मिळाला नाही, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये १२० दिवसांत जागा सोडण्याची नोटीस आली. जूनच्या आरंभी टॉड इंटरेस्ट्स या डॅलसमधील विकसकाने ती सुमारे ११ कोटी डॉलरना विकत घेतली. तिथे कुंपणाच्या आतली वसाहत आणि गोल्फ मैदान करण्याचा त्यांचा बेत होता.

१० जून २०२३ रोजी टेक्सासच्या उद्याने व वन्यजीव आयोगाने एकमताने सक्तीच्या भूसंपादनाचा ठराव केला. खासगी मालकीला देवघरात स्थान असलेल्या राज्यात असा ठराव होणे ही मोठीच गोष्ट होती, आणि ती घडली तेव्हा राज्य उद्यानांच्या व्यवस्थेचे शताब्दी वर्ष चालू होते. मात्र ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने नेमलेल्या तीन आयुक्तांनी मालमत्तेची भरपाई ४१.८३ कोटी डॉलर ठरवली, म्हणजे काही महिन्यांपूर्वीच्या खरेदीच्या जवळपास चौपट, आणि राज्याने माघार घेतली. त्याच नोव्हेंबरमध्ये मतदारांनी नवी उद्याने घेण्यासाठी १०० कोटी डॉलरच्या निधीला मंजुरी दिली. फेअरफील्डसाठी तो उशिरा आला.

माझ्या मते येथे चूक कोणत्या एका वर्षाची नाही. माशांच्या बाबतीत राज्याच्या उद्याने व वन्यजीव खात्याला आपला साठा उसना असल्याची पूर्ण जाण होती. कमाल लांबीचा नियम काढून टाकणाऱ्या माणसाला ती होतीच. जमिनीच्या बाबतीत तीच जाण चाळीस वर्षे कागदावर असूनही वापरात आली नाही, कारण धुराडे चालू होते तोवर कंपनीला तलाव हवा होता आणि तलाव आहे तोवर उद्यान आहे, असे गृहीत धरले गेले. आपल्याकडे जलाशय मच्छीमार सहकारी संस्थेला ठरावीक मुदतीच्या ठेक्याने दिला जातो आणि मुदत संपत आली की संस्थेची धावपळ सुरू होते. ती पद्धत निर्दोष नाही, पण मुदत कोणाच्या विस्मरणात जात नाही.

उद्यानाचे फाटक बंद झाले तेव्हा जूनचा पहिला आठवडा होता आणि पिल्ले पांगून नर बास घरट्यावरून उठलेले असणार. पाण्याची चाल आता पुन्हा सूर्यावर आहे : सोळा अंश मार्चच्या आसपास येतात, तेव्हा घरटी होतात, आणि होडी उतरवण्याच्या सार्वजनिक उतारावर ती पाहायला कोणी नसते.